सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचे काय होते?

वर्धा मार्गावर, नागपूर शहर संपून थोडे पुढे गेल्यावर, सरकारने एका प्रकल्पासाठी संपादित केलेल्या जमिनीवर आज एक मोठे गोदाम उभे आहे. त्याच्या फाटकाशी पन्नाशी ओलांडलेले एक पहारेकरी असतात. मागच्या पावसाळ्यात सरीने अडवल्यामुळे त्यांच्या पत्र्याच्या चौकीत अर्धा तास थांबणे झाले, तेव्हा बोलता बोलता त्यांनी समोरच्या काँक्रीटच्या आवाराकडे हात केला आणि सांगितले, "हे फाटक ते तिकडची पाण्याची टाकी, एवढं वावर माह्याकडं मक्त्यानं होतं. बारा वर्षं कापूस पेरला मी अठी." मक्त्याने म्हणजे ठरलेली रक्कम देऊन दुसऱ्याची जमीन कसणे. मोबदल्याचे विचारले तेव्हा ते म्हणाले, "मालकाले भेटला. मले काय भेटन जी, सातबाऱ्यावर माहं नाव कोठी होतं?"

त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. हातात दरमहा ठरलेला पगार येतो, ही गोष्टही त्यांनी आपण होऊन सांगितली. त्यामुळे त्यांची गोष्ट विकासाच्या बाजूची मानावी की विरोधातली, हे पटकन ठरवता येत नाही. सरकारने वरून आखलेला आणि वरूनच राबवलेला विकास श्रीमंत आणि गरीब यांच्यातील दरी वाढवतो का, या प्रश्नाची अडचण नेमकी येथे आहे. एकच माणूस पूर्वीपेक्षा थोडा बरा जगत असतो आणि तरीही शेजाऱ्याच्या तुलनेत तो पूर्वीपेक्षा फार मागे पडलेला असतो.

म्हणून आधी दोन शब्द वेगळे केले पाहिजेत. गरिबी म्हणजे किमान गरजा भागण्याइतकेही हाती नसणे, आणि विषमता म्हणजे एकाच्या व दुसऱ्याच्या हाती असलेल्यात पडलेले अंतर. या दोन गोष्टी एकाच वेळी उलट दिशांना जाऊ शकतात. नीती आयोगाच्या अंदाजानुसार बहुआयामी, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांवरून मोजलेल्या, गरिबीत जगणाऱ्या भारतीयांचे प्रमाण २०१३-१४ मध्ये २९.१७ टक्के होते, ते २०२२-२३ मध्ये ११.२८ टक्क्यांवर आले. दुसरीकडे, २०२४ मध्ये अर्थतज्ज्ञ थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये देशाच्या उत्पन्नातील २२.६ टक्के आणि संपत्तीतील ४०.१ टक्के वाटा सर्वांत वरच्या एक टक्का लोकांकडे होता. पहिली आकडेवारी दाखवून दुसरी खोटी ठरवता येत नाही, किंवा दुसरी दाखवून पहिली. चर्चेत मात्र बहुतेक वेळा हेच होते. एक जण रस्ते, वीज आणि शौचालये मोजतो, दुसरा कोट्यधीश मोजतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असूनही एकमेकांचे ऐकत नाहीत.

विकासाबरोबर विषमता आधी वाढते आणि पुढे आपोआप कमी होते, असे एक जुने गृहीतक आहे. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी ते १९५५ मध्ये मांडले. शेतीतून लोक हळूहळू उद्योगांकडे जातात, सुरुवातीला थोडेच जातात म्हणून अंतर वाढते, आणि पुढे बहुतेक जण पोहोचले की ते घटते, असा त्यामागचा विचार होता. आपल्या या मांडणीत पुरावा पाच टक्के आणि तर्क पंच्याण्णव टक्के असल्याचे कुझनेट्स यांनी त्याच लेखात प्रांजळपणे लिहून ठेवले होते, परंतु धोरणे आखणाऱ्यांनी तर्क उचलला आणि कबुली मागे ठेवली. वर पैसा ओतला की तो खाली झिरपतो, ही कल्पना त्याच घराण्यातली. आपल्याकडच्या काळ्या जमिनीचा अनुभव असलेल्या माणसाला यात काय चुकते ते समजावून सांगावे लागत नाही. पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून आत जाते, पण माती एकदा फुगली की पुढचे पाणी वर साचून राहते किंवा उताराने वाहून जाते. पाणी किती पडले यावर त्याचे झिरपणे अवलंबून नसते. ते खालच्या थरावर अवलंबून असते.

हा खालचा थर म्हणजे प्रकल्पाची घोषणा झाली त्या दिवशी ज्याच्या त्याच्या हाती असलेली जमीन, शिक्षण, ओळखी आणि कागद. वरून आलेला प्रकल्प या सगळ्याला गुणतो. ज्याच्याकडे पाच आहेत त्याचे पंधरा होतात, ज्याच्याकडे एक आहे त्याचे तीन होतात, आणि शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच उरते.

हे हिशेबाने पाहू. समजा, नागपूरजवळच्या एका गावातून मोठा रस्ता जायचा आहे आणि तेथे एकरी भाव पाच लाख रुपये आहे. पहिल्या घराकडे दहा एकर आहे, दुसऱ्याकडे दीड एकर, आणि तिसरे घर दुसऱ्याचे वावर मक्त्याने करते. सरकार एकरी वीस लाख रुपये, म्हणजे भावाच्या चौपट मोबदला देते. पहिल्या घराची पाच एकर जमीन जाते आणि एक कोटी रुपये येतात. उरलेली पाच एकर आता रस्त्यालगत आली, तिचा भाव एकरी चाळीस लाख झाला, म्हणजे आणखी दोन कोटी. पन्नास लाखांच्या मालमत्तेचे तीन कोटी झाले. दुसऱ्या घराची दीड एकर पूर्ण गेली आणि तीस लाख रुपये आले. कागदावर हाही माणूस चौपट श्रीमंत झाला, पण त्याला शेतीच करायची आहे आणि त्याच गावात जमिनीचा भाव आता चाळीस लाख आहे. तीस लाखांत त्याला तीस गुंठे मिळतात. पैसा चौपट झाला आणि जमीन निम्मी. सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, स्लॅबचे घर आणि एक मोटारसायकल यांत त्यातला काही भाग आधीच गेला असेल, तर तीस गुंठेही नाहीत. तिसऱ्या घराला काहीही मिळाले नाही, आणि ज्या वावरावर नवरा पेरणी करत होता व बायको निंदणाला व वेचणीला जात होती ते वावरही राहिले नाही.

या हिशेबात कोणी लाच घेतलेली नाही, कोणी फसवलेले नाही, सरकारने दर चांगला दिलेला आहे, आणि तरीही तीन घरांमधले अंतर कितीतरी वाढले. प्रकल्पाची बातमी आधी कळलेले लोक अधिसूचनेपूर्वीच जमिनी घेऊन ठेवतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे, ते यात धरलेलेही नाही.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी लागेल. १८९४ चा भूसंपादन कायदा एकशे वीस वर्षे चालला. त्याच्या दृष्टीने बाधित म्हणजे मुख्यतः जमिनीचा मालक. नागपूरच्या मिहान या विमानतळाला जोडलेल्या औद्योगिक प्रकल्पासाठीची बरीचशी जमीन याच कायद्याच्या काळात घेतली गेली. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या नव्या कायद्याने चित्र बरेच बदलले. मोबदल्यात शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे मोबदल्याइतकीच जादा रक्कम आली, ग्रामीण भागासाठी बाजारभाव वाढवून धरणारा गुणक आला, खासगी कंपनीसाठी संपादन असेल तर ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारी असेल तर ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक झाली. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र व्याख्येतला आहे. त्या जमिनीवर आधीची तीन वर्षे काम करून पोट भरणारे शेतमजूर, बटईदार, कुळे आणि कारागीर हेही बाधित कुटुंब मानले गेले, आणि संपादनाआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करून त्यांची नोंद घेणे अपेक्षित झाले.

परंतु या कायद्याला वळसा घालण्याचे मार्गही निघाले. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आखताना आधी जमिनी एकत्र करून विकसित भूखंड परत देण्याची योजना होती, ती अनेक शेतकऱ्यांनी नाकारली, आणि मग थेट खरेदीने पाचपटीपर्यंत दर देऊन बहुतेक जमीन मिळवण्यात आली. खातेदारांच्या दृष्टीने हा व्यवहार पूर्वीच्या कोणत्याही संपादनापेक्षा सरस होता, हे मान्य करायला हवे. मात्र थेट खरेदीत व्यवहार फक्त खातेदाराशी होतो, सामाजिक परिणामांच्या अभ्यासाची पायरी त्यात येत नाही, आणि मक्तेदार व मजूर पुन्हा कागदाबाहेर राहतात. रस्ता झाल्यानंतरचीही एक गोष्ट आहे. या महामार्गावर दुचाकीला आणि तीनचाकीला प्रवेश नाही, आणि चढायचे ते ठरावीक ठिकाणीच. ज्या गावाच्या वावरातून तो गेला त्या गावातले बहुतेक लोक दुचाकीवर फिरतात. वेगवान रस्त्यासाठी हा नियम सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे, पण रस्त्याचा उपयोग कोणाला होणार हे त्या नियमातच ठरून गेले.

धरणांच्या बाबतीत हेच अंतर नकाशावर आखता येते. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि रोहिणी पांडे यांनी २००७ मध्ये भारतातील मोठ्या धरणांचा जिल्हावार अभ्यास प्रसिद्ध केला. धरणाच्या खालच्या अंगाच्या जिल्ह्यांत शेतीचे उत्पादन वाढते आणि गरिबी कमी होते, तर ज्या जिल्ह्यात धरण बांधले त्या जिल्ह्यात गरिबी वाढते, असे त्यांना आढळले. एकूण बेरीज केली तर देशाचे उत्पादन वाढलेले दिसते. मात्र किंमत मोजणारा आणि लाभ घेणारा एकच नसतो.

आपल्यासाठी हे दूरचे नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. सुरुवातीचा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता, तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टरला पाणी देण्याचे उद्दिष्ट होते आणि ते उद्दिष्ट चांगलेच होते. २००९ मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जाही मिळाला. पण जमीन बुडते ती धरण भरताना, एका हंगामात, आणि पाणी पोहोचते ते कालवा, वितरिका, पोटचारी अशा क्रमाने, दशकांनी. मधल्या काळात कुही, भिवापूर, पवनी या तालुक्यांतील विस्थापित कुटुंबांची एक पिढी म्हातारी झाली. जेथे पाणी पोहोचते तेथेही कालव्याच्या मुखाजवळचा शेतकरी धान भिजवतो आणि शेपटाकडचा वाट पाहतो. यात एक गोष्ट नागपूरकरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. आपल्या शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तेथून याच जलाशयाला जाऊन मिळते.

शहरातही गुणाकाराचा नियम बदलत नाही, फक्त वावराच्या जागी खोली येते. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्यावर सुमारे ८,६८० कोटी रुपये खर्च धरला गेला, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर अशा दोन मार्गिका झाल्या. सार्वजनिक वाहतुकीवरचा खर्च मला उड्डाणपुलावरच्या खर्चापेक्षा केव्हाही न्याय्य वाटतो, कारण ज्याच्याकडे गाडी नाही त्यालाही तो उपयोगी पडतो. परंतु स्थानकाजवळच्या घराची किंमत वाढली की घरमालकाची मिळकत वाढते आणि भाडेकरूचे भाडे वाढते. शहरातला भाडेकरू हा वावरातल्या मक्तेदाराचाच भाऊ. शहराची तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वस्ती झोपडपट्ट्यांत राहते असे २०११ च्या जनगणनेत दिसले होते. तेथे मालकी पट्ट्याच्या एका कागदासाठी माणसे वर्षानुवर्षे का खेटे घालतात, ते येथे कळते. पुढचा कोणताही विकास आला तरी गुणाकाराला शून्याऐवजी निदान एक आकडा हवा असतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग सरकारने वरून काही करूच नये. हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का आहे हे महाराष्ट्रानेच दाखवून दिले आहे. नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. १९७५ मध्ये आलेल्या या करामागचा हेतू रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणे हा होता. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे जो प्रयोग केला, तो १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उपयोगी पडला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याला त्याचाच आधार मिळाला. योजना मुंबईत आखलेली, राबवणारी यंत्रणा सरकारी, म्हणजे विकास पूर्णपणे वरूनच आला. तरीही पैसा शहराकडून खेड्याकडे आणि पगारदाराकडून मजुराकडे गेला, कारण लाभ सातबाऱ्याला जोडलेला नव्हता, काम मागणाऱ्या माणसाला जोडलेला होता. ज्याला दुसरा आधार आहे तो उन्हात माती उचलायला येणार नाही, म्हणून यादीत घुसखोरी करण्याचा मोहही कमी. आणि याच योजनेची उणीवही त्याच नियमाने समजते. मजुरांनी खोदलेल्या विहिरी, बांध आणि पाझर तलाव कोणाच्या जमिनीजवळ झाले? ज्यांना जमीन होती त्यांच्या. मजुरी मजुराला मिळाली, जमिनीचा वाढलेला कस आणि पाणी मालकाला.

वरून आलेल्या विकासाची बाजू घेण्याचे आणखी एक कारण आहे, आणि दीक्षाभूमीच्या शहरात ते विसरता येणार नाही. खेड्याला खेड्याचे ठरवू द्या, सगळे ठीक होईल, या कल्पनेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत कठोर टीका केली होती. खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे घर आहे, हा त्यांचा अनुभव होता, आणि त्या खेड्यात गावकुसाबाहेर ज्यांना ठेवले होते त्यांच्या बाजूने तो बोललेला होता. अस्पृश्यतेवरील बंदी, आरक्षण, १९४४ मध्ये सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती या गोष्टी गावाला विचारून आल्या असत्या तर आल्याच नसत्या. उत्तर नागपुरातल्या कित्येक घरांत पहिला पदवीधर झाला तो त्या शिष्यवृत्तीवर. ती वडिलांच्या सातबाऱ्यावर अवलंबून नव्हती.

म्हणजे वरून की खालून, हा प्रश्न अर्धाच आहे. लाभ कशाला जोडला आहे, मालमत्तेला की माणसाला, हा प्रश्न त्याच्या जोडीला विचारावा लागतो. प्रदेशाला जोडलेला लाभही पुरेसा नाही, हे विदर्भाने अनुशेषाच्या, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत विकासात राहिलेल्या तुटीच्या, निमित्ताने अनुभवले आहे. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये आणि त्यात विदर्भाचा १,२४६.५५ कोटी रुपये काढला. त्या आकड्यांनी विदर्भाच्या मागणीला पहिल्यांदा भक्कम आधार दिला, आणि १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. पण विदर्भ ही एक सरासरी आहे. तिच्यात नागपूरची सधन धंतोली आहे आणि गडचिरोलीचे दुर्गम भामरागडही आहे. विदर्भाच्या नावाने आलेला पैसा नागपुरात थांबला तर अनुशेष कागदावर भरतो आणि भामरागडला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्याच गडचिरोलीतील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे छोटे गाव आहे. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांची. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात हाती आला. पूर्वी याच भागातला बांबू सवलतीच्या दरात कागद कारखान्यांकडे जात असे. येथे घडलेली गोष्ट नीट पाहिली तर ती वरून आणि खालून अशी दोन्हीकडून आलेली दिसते. कायदा दिल्लीचा, २००६ चा. पण तो वापरण्याइतका अभ्यास गावचे नेते देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांनी त्याआधी कित्येक वर्षे बसून केलेला होता, आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची शिस्त गावाने स्वतःला लावून घेतली होती, ज्यामुळे दुबळ्या घराचा नकारही नकार म्हणून मोजला गेला. हक्क सबंध गावाचा, त्यामुळे ज्याच्याकडे एक गुंठाही नाही त्याचाही त्यात वाटा.

फाटकाशी बसणाऱ्या त्या पहारेकऱ्यांना मी पुढच्या खेपेस २०१३ च्या कायद्याबद्दल सांगितले. प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून साठ दिवसांत हरकत घेता येते, आणि हरकत घेणारा 'हितसंबंधित' माणूस म्हणजे मालकच असला पाहिजे असे नाही, ज्याच्या पोटावर परिणाम होणार आहे तोही त्यात येतो, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले. त्यांच्या वेळी हा कायदा नव्हता. पण त्यांचा पुतण्या पलीकडच्या गावात मक्त्याने तूर आणि कापूस करतो, आणि तेथे मोजणीचे दगड लागले आहेत. रविवारी तो खत-बियाण्यांच्या पावत्यांची पिशवी घेऊन आला. लेखी करार कधीच झालेला नव्हता, म्हणून शेजारच्या धुऱ्यावरच्या दोन शेतकऱ्यांच्या सह्या घ्यायचे ठरले. मग आम्ही तिघांनी बसून अर्ज लिहिला. त्याची सुरुवात अशी केली: मी या गटातील जमीन मागील सहा वर्षांपासून कसत आहे.